मधले दिवस

माझ्या कादंबऱ्यांतून आजवर नऊ माणसे मरण पावली. हा हिशेब माझा नव्हे, आमच्या शाळेतील गणिताच्या बाईंचा आहे. त्या माझे प्रत्येक पुस्तक वाचतात ते बहुधा मोजणीसाठीच. या नऊ जणांत एक गोष्ट सारखी आहे. सगळे बोलत बोलत गेले. कोणी मुलाचा हात हातात घेऊन बांधाचा तंटा मिटविला, कोणी वीस वर्षांनी भावाला हाक मारली, आणि एका म्हाताऱ्याने तर गोठ्यातल्या गाईला वैरण घातली का, एवढेच विचारून डोळे मिटले. त्या म्हाताऱ्याबद्दल मला अजून वाचकांची पत्रे येतात.

लेखकाला मरणाची ही सोय फार बरी पडते. पण खरे सांगायचे तर गेल्या काही वर्षांत आमच्या नात्यागोत्यात, शेजारीपाजारी जी माणसे गेली, त्यांतली फारच थोडी बोलत गेली. बऱ्याच जणांच्या तोंडात नळी होती. श्वासाच्या यंत्राला जोडलेली ती नळी तोंडावाटे घशात उतरते आणि स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत जाते. ती असेपर्यंत माणसाला शब्द काढता येत नाही. दुसरी नळी नाकातून, अन्नासाठी. अर्धवट भानावर असलेला माणूस या नळ्या ओढून काढायला बघतो, म्हणून कधीकधी त्याची मनगटे मऊ पट्ट्यांनी पलंगाच्या कडेला बांधून ठेवतात. दाराला काच, काचेबाहेर आपण, आणि भेटीची वेळ दहा मिनिटे. अशा ठिकाणी माझ्या म्हाताऱ्याने गाईची चौकशी करावी तरी कशी?

दिवाळीच्या अंकात हे काय काढले, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांना मी त्यांच्याच पंचांगाचा आधार देतो. धनत्रयोदशीला आपण वैद्यांचा देव धन्वंतरी पूजतो आणि त्याच संध्याकाळी कणकेचा दिवा करून, ज्योत दक्षिणेकडे करून, यमासाठी दाराबाहेर ठेवतो. एकाच दिवशी दोघांचा मान! पुढे येणारी भाऊबीज, तिचेही एक नाव यमद्वितीया. ज्यांनी हा सण बसविला त्यांना लाडवांच्या ताटाशेजारी यमाचे नाव घ्यायला संकोच वाटला नाही. मग आपणच का तोंड फिरवावे?

आमचे नाना, म्हणजे माझे मामा, पोस्टात पस्तीस वर्षे काढलेले. हिशेबात एक रुपया जुळेना तर जेवायला न बसणारा माणूस. सत्तरी उलटल्यावर त्यांनी एक निळी फाईल केली. तीत मृत्युपत्र होते, विम्याचे कागद होते, बँकेत आणि पोस्टात कोणकोणत्या खात्यावर कोणाचे नाव लावले आहे त्याची यादी होती, घरपट्टीच्या पावत्या तारीखवार लावलेल्या होत्या. शेवटच्या पानावर ‘मी गेल्यावर’ असा मथळा देऊन खाली सुवाच्य अक्षरात लिहिले होते: कोणाला कळवावे, कोणाला कळवू नये, दहाव्याला गुरुजी कोण, तेराव्याचा स्वयंपाक कोणाकडे सांगावा, आणि लाडू बुंदीचेच करावेत. मामींची तयारी वेगळ्या खात्यातली. देवघरात गंगेचा गडू, तोंड डाग देऊन बंद केलेला. आणि कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरीखाली, ‘नेताना’ नेसवायचे हिरवे लुगडे. अहेवपणी जायचे, ही त्यांची इच्छा. घरातल्या लहान मुलांनादेखील त्या लुगड्याची जागा ठाऊक होती.

आपल्या लोकांना पुढचा विचार करता येत नाही असे कोण म्हणतो? आपण जगत असतानाचा विचार करतो, आणि मेल्यानंतरचा तर त्याहून बारकाईने करतो. राहतात ते मधले दिवस. जगणे संपत आलेले आणि मरण आलेले नाही, असे ते आठ, पंधरा, वीस दिवस. त्यांच्यासाठी फाईलीत एक ओळ नसते.

गेल्या वर्षी श्रावणात, सकाळी दाढी करता करता नाना खाली कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय अठ्ठ्याहत्तर. जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या रुग्णालयात त्यांना नेले, आणि तिथे ते एकोणीस दिवस होते. पहिल्याच रात्री डॉक्टरांनी थोरल्या मामेभावाला बोलावून विचारले, “श्वास कमी पडतोय. नळी घालून मशीन लावू?” त्याने सही केली. त्या क्षणी कोण करणार नाही? आणि तेच योग्य होते. आजार किती खोल आहे हे कळायलाही दोन-चार दिवस हाताशी लागतात. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘यंत्र’ म्हटले की ते वाईटच, असा एक नवा भाबडेपणा हल्ली ऐकू येतो. यंत्रावर चार दिवस काढून पुन्हा आपल्या पायांनी घरी आलेली माणसे मी पाहिली आहेत. प्रश्न पहिल्या रात्रीचा नव्हताच.

तो आला आठव्या दिवशी. डॉक्टर तरुण होते, पण बोलणे सभ्य. ते म्हणाले, मेंदूचा फार मोठा भाग गेला आहे; नाना पुन्हा शुद्धीवर येतील असे आम्हाला वाटत नाही. तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, तेव्हा गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी बसवावी लागेल. मूत्रपिंडेही थकत चालली आहेत, डायलिसिस करायचे की नाही ते ठरवा. मग त्यांनी जरा थांबून विचारले, “नानांची स्वतःची इच्छा काय असती?”

थोरल्याच्या मांडीवर ती निळी फाईल होती. घरून येताना विम्याच्या कागदांसाठी त्याने ती बरोबर घेतली होती. त्याने ती उघडली आणि पहिल्या पानापासून चाळली. पुन्हा एकदा चाळली. बुंदीच्या लाडवांपाशी येऊन मिटली.

त्यानंतरचे दिवस त्या बाकावर मीही थोडेफार काढले. धाकटा मामेभाऊ अमेरिकेत. तो रात्री दोनला फोन करी आणि म्हणे, “काही कमी पडू देऊ नका. पैशाची काळजी करू नका.” लांब असलेला माणूस नेहमी ‘सगळं करा’ म्हणतो, त्याला वडिलांचा हात धरता येत नसतो, तेव्हा जे काही पाठवता येते ते तो पाठवतो. ताई कोल्हापूरहून आलेली, ती मिळालेल्या दहा मिनिटांत नानांचे पाय चेपून बाहेर येई आणि म्हणे, “पुरे झालं. घरी नेऊ या.” थोरला दोघांच्या मध्ये. आणि पैसा? पैशाचे बोलू नये असा संकेत आहे, म्हणून तो प्रत्येक वाक्याच्या मागे उभा असतो. ‘पुरे’ म्हणणाऱ्याला भीती की लोक म्हणतील खर्चाला कंटाळली. ‘करा’ म्हणणाऱ्याला भीती की उद्या आपलेच मन म्हणेल, वडिलांचे हाल आपण विकत घेतले.

मामी बाकाच्या टोकाला माळ ओढत बसलेल्या असत. त्यांना कोणी काही विचारले नाही. बाराव्या दिवशी त्या आपण होऊनच म्हणाल्या, “ते बोलले होते एकदा. समोरचे गुरव दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते ना, तेव्हा. ‘असं मला ठेवू नका’ म्हणाले.”

फोन चालूच होता. धाकटा तिकडून म्हणाला, “आई, दुसऱ्याला बघून माणूस असं सहज बोलतो. ते काय धरायचं?”

मामी गप्प झाल्या. धाकट्याचेही खोटे नव्हते. ओसरीवर सुपारी कातरता कातरता निघालेल्या एका वाक्यावर बापाचा जीव कोणी तोलावा? निळ्या फाईलीतल्या प्रत्येक कागदाला वजन होते. त्या वाक्याला नव्हते.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे नाना गेले. कोणी काही ठरवून नव्हे. तेरावा त्यांच्या यादीबरहुकूम पार पडला, लाडूही बुंदीचे झाले, आणि चौदाव्या दिवशी भावंडांचे बोलणे बंद झाले. थोरल्याच्या डोळ्यांपुढून ती बांधलेली मनगटे हलेनात. ताई म्हणे, माझे ऐकले असते तर नाना आपल्या घरात गेले असते. धाकट्याच्या मनाने घेतले की दोघांनी डायलिसिसला तीन दिवस उशीर लावला. गेल्या दिवाळीत ताईने भावांसाठी पाट मांडला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

अशा वेळी डॉक्टर काय करू शकतात आणि कायदा काय म्हणतो, हे मी नंतर समजून घेतले. कायद्याचे इंग्रजी मला पेलणारे नाही. दहावीनंतर मी चित्रकलेची पदविका घेतली आणि मुलांना आंब्याचे पान काढायला शिकवू लागलो, एवढेच माझे शिक्षण. पण माझा एक जुना विद्यार्थी आता वकिली करतो. त्याने माझ्या घरी दोन संध्याकाळ घालवून सारे समजावून दिले. (शाळेत त्याचे आंब्याचे पान कधी जमले नाही. कायदा मात्र नीट रेखाटतो.)

त्याने सुरुवात केली अरुणा शानबागपासून. हे नाव आपल्या पिढीला सांगावे लागत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी कामाच्याच जागी तिच्यावर अमानुष हल्ला झाला, मेंदूला इजा झाली, आणि त्याच रुग्णालयात ती बेचाळीस वर्षांच्या आसपास अंथरुणात राहिली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण तिची निगा त्यांनी सख्ख्या बहिणीसारखी राखली. लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. म्हणाल्या, हिची आता सुटका होऊ द्या. परिचारिका म्हणाल्या, आम्ही सांभाळतो आहोत, सांभाळू. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने परिचारिकांच्या बाजूने कौल दिला. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांचा आणि रुग्णालयातल्या लोकांचा, असे ठरविले. मात्र ज्या उपचारांनी काही साधत नाही ते थांबविण्याची वाटही त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने का होईना, उघडली.

दोन्ही बाजू मायेच्याच होत्या. मला राहून राहून वाटते ते एवढेच, की इतकी माणसे अरुणासाठी बोलली आणि अरुणाचे काय म्हणणे होते हे एकालाही सांगता येईना. हल्ला झाला तेव्हा ती पंचविशीत होती. पंचविशीत असे काही बोलून ठेवायचे कोणाला सुचते? म्हणून तर हा विषय फक्त म्हाताऱ्यांचा मानू नये असे मला वाटते. रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. निकालपत्र पाचशेहून अधिक पानांचे. पण सार दोन वाक्यांचे. सन्मानाने मरणे हा घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाला, पुढे आपल्याला बोलता येईनासे झाले तर कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवता येईल. इंग्रजीत त्याला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलू लागते. हे माणूस असताना, पण त्याची वाचा गेल्यावर बोलते.

त्या निकालात हा कागद न्यायदंडाधिकाऱ्यांकडून साक्षांकित करून घ्यावा अशी अट होती, आणि कोर्टाची पायरी चढणार कोण? २४ जानेवारी २०२३ रोजी ती अट काढून टाकली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने कोणी बोलावे त्याचे नाव घालायचे. एकाहून अधिक नावेही चालतात. एक प्रत आपल्या डॉक्टरांकडे, एक नगरपालिकेने किंवा महापालिकेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे. हे अभिरक्षक प्रत्यक्षात नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, आणि २०२४ साली महाराष्ट्रात गावोगावच्या स्थानिक संस्थांत ते नेमले गेले. त्याच वर्षी ३१ मे रोजी गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदविले. गोव्यातले ते पहिले. न्यायाधीशाने दुसऱ्यांना वाट दाखवण्याआधी आपण चालून पाहावे, हे मला आवडले.

कागद झाला म्हणजे कोणी येऊन नळ्या काढून टाकील, असे मात्र नाही. आजार बरा होण्यापलीकडे गेला असला पाहिजे. उपचार करणारे डॉक्टर आणि आणखी दोन जाणकार डॉक्टर यांचे एक मंडळ तसे म्हणते. मग दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचविलेला डॉक्टर असतो, ते पुन्हा तपासते. आणि आपण नेमलेल्या माणसाची संमती लागते. सुई टोचून मरण देणे हा तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. विनोबांनी १९८२ सालच्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. ती साधकाची वाट. तिची आणि या कागदाची गल्लत करू नये. इथे कोणी मरण मागत नाही. येणाऱ्या मरणाला विनाकारण दारात ताटकळत ठेवू नका, एवढेच सांगतो.

आणि उपचार थांबवणे म्हणजे माणसाला टाकून देणे नव्हे. आपल्याकडे कंटाळलेले नातेवाईक ‘आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ असे लिहून देतात, आणि घरी आल्यावर धाप आणि वेदना यांवर औषध द्यायला जवळ कोणी नसते. ती सुटका नव्हे. वेदना शमविणारी, श्वास सुसह्य करणारी, अंग पुसणारी, पाणी पाजणारी शुश्रूषा शेवटपर्यंत चालूच राहते. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदनात कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातली माणसे अशीच सांभाळली जातात.

आता आईविषयी. नाना तिचे थोरले भाऊ. त्या काचेच्या दाराशी तीही तीन वेळा जाऊन आली होती. घरी येऊन ती काही बोलली नाही. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहीण नाशिकहून माहेरी आली, ओवाळणे झाले, फराळ झाला, तशी आई म्हणाली, “दोघं समोर आहात तोवर ऐका. सूनबाई, तूही बस. मला त्या नळ्या नकोत.”

बहीण म्हणाली, “सणासुदीचं काय हे आई!”

“मग केव्हा सांगू? तुम्ही दोघं एका वेळी सणालाच तर भेटता.”

याला उत्तर नव्हते.

तुळशीचे लग्न झाल्यावर आम्ही आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचे वडीलही आमचे डॉक्टर होते; त्यामुळे आईचे आणि त्यांचे बोलणे औषधाइतकेच भांडणाचे असते. ते म्हणाले, “काकू, नळ्या नकोत असं सरसकट लिहू नका. उद्या न्यूमोनिया झाला, चार दिवस मशीनवर ठेवलं आणि तुम्ही बऱ्या होऊन मला बोल लावायला परत आलात, तर ते का नको? नळीचं सोडा. काय शिल्लक असलं तर तुम्हाला जगणं जगण्यासारखं वाटेल, ते सांगा.”

आईने बराच वेळ विचार केला. बाहेर पेशंट खोळंबले होते. मग म्हणाली, “माणसं ओळखू आली पाहिजेत. नि चहा तोंडानं पिता आला पाहिजे. मग पाय नाही चालले, अंथरुणात पडून असले, तरी चालेल मला. आणि दुखता कामा नये. दोन बाळंतपणांत दुखलं तेवढं पुरे.”

डॉक्टरांनी ते जसेच्या तसे उतरून घेतले आणि खाली त्यांच्या भाषेत लिहिले: माणसे ओळखण्याची आणि तोंडाने घोट घेण्याची शक्ती परत येण्याची आशा डॉक्टरांना वाटत नसेल, तर श्वासाचे यंत्र, डायलिसिस आणि बंद पडलेले हृदय छाती दाबून पुन्हा चालू करणे, हे करू नये, चालू असले तर थांबवावे. छाती दाबताना म्हाताऱ्या माणसाच्या फासळ्या मोडू शकतात, हे त्यांनी आईला सांगितले. आई म्हणाली, “तेवढं वाचव.”

मग नावाचा प्रश्न आला. मी लेखणी सरसावली. आई म्हणाली, “हिचं घाल. सूनबाईचं.”

“मी असताना?”

“तू रडशील. तुझ्या पुस्तकात एक माणूस मरायला चाळीस पानं लागतात. ही रडेल, पण ठरवील.”

बायकोने माझ्याकडे पाहिले नाही. बहुधा हसू आवरत असावी. दुसरे नाव बहिणीचे घातले. तिला फोनवर वाचून दाखविले तेव्हा ती अर्धा तास रागावली, आणि मग तिने जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता. “ओळखणं म्हणजे काय धरायचं? नाव घेतलं पाहिजे, की नुसतं हसली तरी चालेल?” आईने सांगितले, हसले तरी चालेल. तेही कागदात गेले.

पौषात आम्ही नोटरीकडे गेलो. साक्षीदार म्हणून शेजारचे निवृत्त मास्तर आणि गणिताच्या बाई. नोटरीने कागद उलटून पालटून पाहिला आणि विचारले, “मिळकतीचं वर्णन कुठं आहे?”

“मिळकत मीच,” आई म्हणाली.

पालिकेत आम्हाला आधी घरपट्टीच्या खिडकीवर आणि तिथून जन्ममृत्यूच्या टेबलाशी पाठविले. तिथला कारकून मान वर न करता म्हणाला, “मयताचं नाव?” आईने नाव सांगितले, वय सांगितले, आणि “अजून मयत नाही” असेही सांगितले. बिचारा उभाच राहिला. पण त्याने आत जाऊन साहेबांना विचारले, परिपत्रक शोधले, आणि प्रत घेऊन पोच दिली. एक प्रत डॉक्टरांकडे आहे, एक बायकोच्या पर्समध्ये, आणि फोटो तिघांच्या मोबाइलमध्ये. कपाटात कुलूप लावून ठेवलेला कागद रात्री तीन वाजता कोणाच्या उपयोगाचा? मन बदलले तर आई तो केव्हाही लेखी रद्द करू शकते, नवा करू शकते. शेवटी सही झालेला खरा धरतात. चहाविषयीचे कलम ती कधीकधी नातवाला म्हणून दाखवते.

बायको त्याच रात्री म्हणाली, “अहो, तुमचं काय?” मी माझे लिहायला घेतले. चार पाने झाली. त्यात पाऊस होता, नदीचा घाट होता, शाळेची घंटाही होती. बायकोने लाल शाईने ती आठ ओळींवर आणली. माझ्या वतीने बोलायला मी तिचे नाव घातले. तिने आपल्या कागदात तिच्या धाकट्या बहिणीचे घातले. कारण मी विचारले नाही.

या श्रावणात नानांचे वर्षश्राद्ध झाले. थोरला आणि ताई दोघेही आले, बोलणे कामापुरते. जेवणे उरकल्यावर आई माजघरात पानांचे तबक घेऊन बसली होती. ताई तिच्याजवळ सरकली आणि हलकेच म्हणाली, “आत्या, नाना तुला कधी काही बोलले होते का ग? असं ठेवा, असं ठेवू नका, असं काही?”

मला वाटले, आई तिच्या समाधानासाठी दोन शब्द जोडून देईल. कादंबरीत मी तसेच केले असते.

“नाही ग,” आई म्हणाली. “तुझ्या लग्नाचं बोलला, घराच्या कौलांचं बोलला, अलीकडं गुडघ्यांचं बोलत होता. हे नाही बोलला. बोलला असता तर त्या काचेच्या दाराशी मी आडवी उभी राहिले असते.”

ताई पानाचे देठ खुडत राहिली. थोरला दारात येऊन थांबला होता. त्याने सारे ऐकले असावे. थोड्या वेळाने ताईने जवळचा पाट पायाने पुढे ढकलला आणि तो त्यावर बसला.

आई म्हणाली, “माझं तर लिहून झालंय. वहिनीला विचारलंत का कोणी?”

मामी देवघराशी समई पुसत बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या म्हणाल्या, “विचारा की. धाकट्यालाही लाव फोन. मी केव्हाची वाट बघतेय.”